मोठ्या मैफलीच्या वेळी हॉटेलचे दर भडकतात, पण चित्रीकरणाच्या वेळी तसे का होत नाही?

दोन्हीकडे खोल्या भरतात, पण भरण्याची रीत वेगळी असते. जानेवारी 2025 मध्ये 18, 19 आणि 21 तारखेला नवी मुंबईतल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे आदल्या सप्टेंबरातच विकली गेल्यामुळे परगावच्या हजारो रसिकांना एकाच वेळी, त्याच मोजक्या रात्रींसाठी, त्याच परिसरात खोली हवी होती. तारीख पुढे ढकलता येत नाही, खोल्या रातोरात वाढत नाहीत, आणि जो तो स्वतंत्रपणे आरक्षण करत असल्याने घासाघीस करणारे कोणी नसते. अशा वेळी दर चढणारच.

चित्रीकरणात ग्राहक एकच असतो, तो म्हणजे निर्मितीसंस्था. ‘स्वदेस’ आणि ‘दबंग’सारख्या चित्रपटांमुळे परिचित झालेल्या सातारा जिल्ह्यातल्या वाई-मेणवली परिसरात एखादे युनिट, म्हणजे चित्रीकरणाचा ताफा, आले, की निर्मिती व्यवस्थापक अनेक आठवड्यांसाठी खोल्या एकगठ्ठा घेतो, तंत्रज्ञांना दोघादोघांत खोली देतो आणि दर आधीच पाडून ठरवतो. पर्यटक शनिवार-रविवारी येतात, युनिट मात्र मंगळवारीही असते, म्हणून मालक आनंदाने सवलत देतो. त्या बदल्यात पहाटे चारचा चहा, रात्रपाळीनंतर दिवसा झोपणाऱ्यांसाठी शांतता आणि गाड्यांना प्रशस्त जागा द्यावी लागते. माझ्या मते यातली शांतताच सर्वांत अवघड. चित्रीकरण लांबले आणि पुढचे आरक्षण आधीच झालेले असले, तर खरी पंचाईत होते.