इंग्लंडमध्ये सायकलवाल्याला कट मारणाऱ्या गाडीची तक्रार केली, तर पोलीस खरंच काही करतात का?

हो, करतात. पण तक्रार किती दिवसांत करता आणि सोबत काय देता, यावर बरंचसं अवलंबून असतं.

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरपासून बर्मिंगहॅमला शिकायला येताय, विद्यापीठात सायकलनं जायचा विचार आहे, आणि इथे राहून गेलेल्या मित्रानं ‘प्रत्यक्ष धक्का लागला नसेल तर पोलीस ढुंकूनही बघत नाहीत’ असं सांगितलंय. मी या शहरात बरीच वर्षं रोज सायकलनं कामावर जातो. तुमच्या मित्राचं म्हणणं एके काळी खरं होतं. मी स्वतः ते अनुभवलंय.

बर्मिंगहॅमला यायच्या आधी मी इंग्लंडमधल्याच दुसऱ्या एका गावात होतो. तिथे एका संध्याकाळी मागून आलेल्या गाडीनं मला असा कट मारला की मी सायकलसकट फुटपाथच्या कडेला टेकलो. पुण्यात लहानाचा मोठा झालोय, त्यामुळे कट नवे नव्हते. पण दाद मागायला पोलिसांकडे गेलो ती आयुष्यातली पहिलीच वेळ. तिथल्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘लागलं का कुठे? सायकलचं काही नुकसान?’’ दोन्हीला मी नाही म्हणालो. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. विषय संपला.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती तुम्ही येताय त्याच भागातून. सप्टेंबर २०१६ मध्ये वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी ‘ऑपरेशन क्लोज पास’ सुरू केलं. त्यामागे वाहतूक शाखेतले दोन हवालदार होते आणि दोघेही स्वतः सायकल चालवणारे. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला. ज्याच्या कोपराजवळून ट्रक गेलाय त्याला ‘लागलं का?’ असं विचारावं लागत नाही.

पद्धत साधी होती. एक पोलीस साध्या कपड्यांत, सायकलला कॅमेरा लावून, वर्दळीच्या रस्त्यावर नेहमीसारखा सायकल चालवत राहायचा. कुणी घासून गेलं की तो रेडिओवरून पुढच्या सहकाऱ्याला गाडीचं वर्णन कळवायचा आणि पुढे ती गाडी बाजूला घेतली जायची. मग २० मीटरवरून नंबर प्लेट वाचायला लावून ड्रायव्हरची नजर तपासायची. त्यानंतर त्याच्यासमोर दोन पर्याय असायचे: खटल्याला सामोरं जा, नाहीतर पंधराएक मिनिटं इथे उभं राहून शिकून घ्या.

शिकवायला एक मोठी चटई असे. ती मी एका सायकल मेळाव्यात पाहिली आहे. चटईवर रस्त्याची कडा, सायकलची जागा आणि गाडीची जागा आखलेली, मधे दीड मीटर. दोन्ही हात आडवे पसरा, साधारण तेवढं अंतर. माझ्याबरोबर एक मैत्रीण होती, ती वीस वर्षं गाडी चालवते. चटईवर सायकलवाल्याच्या जागी उभी राहिल्यावर तिनं गाडीच्या रेषेकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मी तर याच्या निम्मंही सोडत नाही.’’ दंडाच्या पावतीनं हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नसतं. पुढे ‘सायकलिंग यूके’ या संस्थेनं लोकवर्गणी काढून अशा चटया बाकीच्या पोलीस दलांनाही मिळवून दिल्या.

एक शंका तुमच्या मनात येईल, ती माझ्याही आली होती. सायकलवाल्यांचे गंभीर अपघात जास्त करून चौकांजवळ होतात. वळणाऱ्या किंवा गल्लीतून बाहेर येणाऱ्या ड्रायव्हरला सायकल दिसतच नाही. मग कट मारणाऱ्यांच्या मागे का लागायचं? त्या हवालदारांचं उत्तर मला पटतं. जो सायकलवाल्याला जागा सोडत नाही, तोच चौकात त्याच्याकडे बघत नाही. शिवाय कट खाऊन घाबरलेली माणसं सायकल सोडून देतात. मग रस्त्यावर सायकली कमी होतात आणि ड्रायव्हरची नजर त्यांना आणखीच विसरते.

आता कायद्याचं. २९ जानेवारी २०२२ पासून इथल्या ‘हायवे कोड’च्या (रस्ता वापरणाऱ्यांसाठीच्या अधिकृत नियमपुस्तिकेच्या) १६३व्या नियमात स्पष्ट लिहिलंय की ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला मागे टाकताना किमान दीड मीटर जागा सोडावी, वेग जास्त असेल तर आणखी. पण हे अंतर मोडणं हा आपोआप वेगळा गुन्हा ठरत नाही. गुन्हा लागतो तो १९८८च्या रोड ट्रॅफिक अॅक्टच्या कलम ३ खाली, म्हणजे निष्काळजी ड्रायव्हिंगचा. हायवे कोड तिथे आधार म्हणून वापरता येतो. त्यामुळे ‘एक मीटर दहा सेंटिमीटर होतं’ असला वाद घालत बसू नका. सायकलवरच्या कॅमेऱ्याच्या रुंद लेन्समधून गाडी असते त्यापेक्षा दूर दिसते, मग पाहणाऱ्याला तुमचाच आकडा खोटा वाटतो. तुम्हाला त्या क्षणी काय करावं लागलं, ते लिहा.

हे मी चुकत शिकलो. एका नोव्हेंबरात सकाळी पावणेआठच्या सुमाराला ओल्या रस्त्यावर एका पांढऱ्या व्हॅननं मला मागे टाकलं. समोरून गाड्या येत होत्या, त्यामुळे तिला बाहेर सरकायला जागाच नव्हती, आणि थांबायची तयारी नव्हती. आरसा हँडलच्या शेजारून गेला, वाऱ्याच्या झोतानं सायकल डुगडुगली आणि पुढचं चाक कडेच्या गटाराच्या लोखंडी जाळीवर गेलं. ओली जाळी म्हणजे साबण. पडलो नाही, पण पुढे दोन मिनिटं पाय जमिनीला टेकवून उभा होतो. हात थरथरत होते.

रात्री पोलिसांकडे तक्रार करायचा फॉर्म भरायला बसलो. पहिल्या खर्ड्यात ‘हा माणूस मला मारायलाच निघाला होता’ असं वाक्य होतं. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, ‘‘त्याच्या मनातलं तुला काय माहीत? जाळीचं लिही.’’ मग तसंच लिहिलं: वेळ, ओला रस्ता, समोरून येणाऱ्या गाड्या, व्हॅननं लेन सोडली नाही, मला जाळीवर जावं लागलं. काही आठवड्यांनी दोन ओळींचा ईमेल आला की कारवाई केली आहे. नेमकी कोणती, ते कळवलं नव्हतं. अशा वेळी चुटपुट लागते, पण ती मनाला लावून घेऊ नका.

दिवसांचं गणित मात्र पक्कं लक्षात ठेवा. खटला भरायचा तर पोलिसांची नोटीस घटनेपासून १४ दिवसांच्या आत गाडीच्या नोंदणीकृत मालकापर्यंत पोहोचावी लागते. ‘त्या वेळी गाडी कोण चालवत होतं’ हे सांगणं मालकाला कायद्यानं भाग असतं. तुम्ही बाराव्या दिवशी व्हिडिओ पाठवलात तर पोलिसांची इच्छा असूनही हात बांधले जातात. त्याच रात्री पाठवा, फार तर दुसऱ्या दिवशी. ठाण्यात जायची गरज नसते, बहुतेक पोलीस दलांच्या संकेतस्थळावर त्यासाठी फॉर्म आहे. काही ठिकाणी याला ‘ऑपरेशन स्नॅप’ म्हणतात. त्याची सुरुवात वेल्समध्ये झाली.

व्हिडिओ कापू नका. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा एकदोन मिनिटांचा भाग तसाच राहू द्या, नंबर प्लेट वाचता आली पाहिजे, तारीख-वेळ बरोबर हवी. (इथे ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे जातात, कॅमेऱ्याचंही मागे घ्या.) प्रकरण चालू असताना तो समाजमाध्यमांवर टाकू नका. फॉर्मवर ‘कोर्टात साक्ष द्यायला तयार आहात का?’ असं विचारतात, तिथे हो म्हणा. प्रत्यक्ष जावं लागण्याची वेळ क्वचित येते.

आणि कट बसल्यावर पुढच्या सिग्नलला त्या गाडीची काच वाजवायला जाऊ नका. मोह होतो, मला माहितेय. पण तुमचा व्हिडिओ पोलीस सगळा पाहतात. त्यात तुमची शिवीगाळ किंवा तुम्ही तोडलेला सिग्नल असेल तर प्रकरण तिथेच कमकुवत होतं.

पुढे काय होतं, हे प्रसंगावर ठरतं. कधी ताकीद, कधी स्वतःच्या खर्चानं करायचा अभ्यासवर्ग, कधी १०० पौंड दंड आणि लायसनवर ३ पॉइंट, फारच वाईट असेल तर कोर्ट. आपल्याकडच्या माणसाला १०० पौंड किरकोळ वाटतील, पण इथे ड्रायव्हर घाबरतो तो पॉइंटना. तीन वर्षांत १२ झाले की सहसा लायसनच जातं, आणि विम्याचा हप्ता तर त्याच्या आधीच वाढतो.

तुमच्या रोजच्या वाटेबद्दल. शहराच्या मध्यापासून ब्रिस्टल रोडच्या कडेनं सेली ओक या उपनगरापर्यंत निळा, गाड्यांपासून वेगळा केलेला सायकलमार्ग आहे आणि तो विद्यापीठाजवळूनच जातो. शक्यतो त्याच्या आसपास खोली बघा. कालव्याच्या काठाची वाटही आहे, पण थंडीत अंधार लवकर पडतो आणि ती अरुंद आहे. बाकी रस्त्यांवर कडेला चिकटून चालवू नका, निदान अर्धा मीटर आत राहा. अरुंद जागी आणि चौकाआधी लेनच्या मध्यावर या. हायवे कोडचा ७२वा नियम तुम्हाला ती मुभा देतो. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. कॅमेरा पुढे एक आणि मागे एक असा घ्या, आणि एकच परवडत असेल तर पुढचा घ्या, कारण पुढे निघून गेलेल्या गाडीची नंबर प्लेट त्यातच येते.