पंधरा हजारांत हातातलं जीपीएस घ्यायचं तर

बजेट पंधरा हजार, ट्रेक बहुतेक पावसाळ्यातले, आणि राजगड-तोरणा झाल्यावर आता घाटवाटांकडे वळायचंय, असं तुम्ही लिहिलंय. प्रश्न असा की खिशात मोबाइल असताना वेगळं यंत्र घ्यावं का, आणि घ्यावं तर कोणतं.

आधी मोबाइलचं. फोनमधलं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, एअरप्लेन मोडवर टाकून बघा. फक्त पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लागतो. एरवी कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन इंटरनेटवरून चटकन उचलतो. रेंज नसली की तीच माहिती उपग्रहांकडून सावकाश घ्यावी लागते. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या ॲपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा घरूनच उतरवून ठेवला की डिसेंबर-जानेवारीतल्या बहुतेक ट्रेकना फोन पुरतो. तुम्ही फक्त हिवाळ्यातच फिरणार असता तर मी म्हटलं असतं, पैसे ठेवा आणि चांगले बूट घ्या.

पावसात मात्र गणित फिरतं. एका जुलैत आम्ही राजगडावरच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याकडे निघालो होतो. धुकं असं की पुढच्याची सॅकसुद्धा दिसेना. धारेवरून चालता चालता एका सोंडेवर कधी उतरायला लागलो ते कळलंच नाही. वाट मळलेली होती, म्हणून शंकाही आली नाही. ती ढोरवाट होती. वीस मिनिटांनी ती कारवीत विरली तेव्हा फोन काढला, तर ओल्या काचेवर बोट ठेवलं की नकाशा भलतीकडेच पळायचा. पुसायला अंगावर कोरडी चिंधीही नाही. शेवटी एका मित्राच्या गळ्यातलं जुनं काळं-पांढरं यंत्र कामी आलं. त्याने ते सकाळी पायथ्याच्या गुंजवण्यात चालू केलं होतं आणि दिवसभर त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बटणं दाबून त्याने मागे जायची सोय सुरू केली. पडद्यावर आम्ही आलो त्या वाटेची रेघ आणि आमचा बाण, बस्स. त्या रेघेवरून चढत पुन्हा धारेवर आलो. त्या यंत्रात नकाशा नव्हताच.

म्हणून माझं मत असं: पैसे मोजके असतील तर यंत्र परतीच्या वाटेसाठी घ्यायचं, नकाशासाठी नाही. एवढं ठरवलं की निवड सोपी होते. बटणं हवीत, कारण ओल्या हाताने किंवा हातमोज्यानेही ती दाबता येतात. साधे पेन्सिल सेल चालायला हवेत. आयपीएक्स ७ दर्जा हवा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवं. वाट नोंदवणं आणि त्याच वाटेने उलटं नेणं जमायला हवं. बाकी सगळं जास्तीचं.

या चौकटीत गार्मिन कंपनीची ईट्रेक्स मालिका बसते. ईट्रेक्स १० हे २०११ साली आलेलं काळं-पांढरं यंत्र. बाहेरचा नकाशा त्यात टाकता येत नाही, पण दोन सेलवर साधारण २५ तास चालतं. वापरलेलं मिळालं तर तुमच्या बजेटमध्ये आरामात बसावं. २०२३ सालचं ईट्रेक्स एसई दिसायला तसंच, नकाशा त्यातही नाही, पण त्याच दोन सेलवर कंपनी १६८ तास सांगते आणि त्यात होकायंत्र आहे. नकाशा हवाच असेल तर रंगीत पडद्याचं ईट्रेक्स २२एक्स. त्यात ८ जीबी जागा आहे, वर मेमरी कार्डही बसतं. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवरून काढलेले, गार्मिनवर चालणारे नकाशे फुकट मिळतात, ते त्यात टाकता येतात. मात्र सह्याद्रीतल्या कितीतरी घाटवाटा त्या नकाशांवर नाहीतच. तिथे आधी जाऊन आलेल्या कुणाची तरी जीपीएक्स फाइल, म्हणजे त्याने नोंदवलेली वाट, जास्त उपयोगी, आणि ती नकाशा नसलेल्या यंत्रातही चालते.

ईट्रेक्स ३२एक्ससाठी जास्तीचे पैसे घालू नका. त्यात हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आणि होकायंत्र मिळतं. उंचीमापक चांगला असतो, पण पावसाळ्यात दाब सारखा वरखाली होतो आणि एक मिलिबारचा फरक म्हणजे साधारण आठ मीटर. उंची माहीत असलेल्या खुणेच्या जागी पुन्हा पुन्हा जुळवत राहिलं नाही तर तो बिनदिक्कत चुकीची उंची दाखवतो. होकायंत्राचं म्हणाल तर ईट्रेक्स १० आणि २२एक्समध्ये ते नाही, त्यामुळे त्यांचा बाण तुम्ही चालत असतानाच खरा असतो. उभं राहून यंत्र गोल फिरवलंत तर तो काहीही दाखवेल. नवखे इथेच फसतात. दोन-चारशे रुपयांचं साधं चुंबकी होकायंत्र गळ्यात अडकवा, काम झालं.

वापरलेलं घेताना सेलचा कप्पा आधी उघडा. स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर सोडून द्या. प्रत्येक बटण दाबून पाहा, कडेचं रबर सुटलंय का आणि केबलच्या खाचेवरचं झाकण नीट बसतं का तेही बघा. मग गच्चीवर न्या. महिनोन् महिने बंद असलेलं यंत्र जागा पकडायला दहा-पंधरा मिनिटं घेऊ शकतं, तेव्हा लगेच नाक मुरडू नका. जागा पकडली की तारीख तपासा. जीपीएसमध्ये तारीख आठवडे मोजून ठरते, तो आकडा १०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो आणि शेवटचा तसा दिवस ६ एप्रिल २०१९ होता. काही फार जुनी यंत्रं तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबर दाखवतात, पण नोंदवलेल्या वाटेच्या वेळा आणि सूर्यास्ताची वेळ यांचा भरवसा राहत नाही.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. तिथल्या २२एक्समध्ये नकाशा उत्तर अमेरिकेचा भरलेला येतो, इथला तुम्हालाच टाकावा लागेल. दुसरी जास्त महत्त्वाची: हौसेने त्याने गार्मिनचं उपग्रहावरून संदेश पाठवणारं इनरीच आणलं, तर ते विमानतळावरच अंगलट येईल. अशी यंत्रं आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि त्यापायी परदेशी पाहुण्यांना पोलिसांनी अडवल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. साधं जीपीएस फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. त्याला सिमही लागत नाही आणि महिन्याचं भाडंही नाही.

सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे (NiMH), दोन जोड्या. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका, नाहीतर यंत्र शिल्लक चार्ज चुकीचा दाखवतं. गावातल्या किराणा दुकानातले स्वस्त सेल अडीअडचणीला बरे, पण त्यांच्या भरवशावर निघू नका.

अक्षांश-रेखांश कुणाकडून घेतलेत तर ते कोणत्या पद्धतीत आहेत ते विचारा. राजगडाचा अक्षांश १८.२४६ अंश आहे. तोच आकडा घाईत १८ अंश २४.६ मिनिटं असा भरला तर तुम्ही सुमारे १८ किलोमीटर उत्तरेला जाता. जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवरून आकडे काढणार असाल तर आणखी एक मेख आहे. अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कोणता आकार धरून मोजायचे याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. ते नकाशे जुन्या एव्हरेस्ट पद्धतीचे आणि यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या पद्धतीवर चालतं. सेटिंग न बदलता भरलंत तर चांगलाच फरक पडतो. दरीच्या काठावर तेवढं पुरे.

आता घाटवाटांबद्दल. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद नाळेत कोणतंही यंत्र, महागातलं महाग असलं तरी, गडबडतं. दोन्ही बाजूंच्या कड्यांनी आकाश झाकलेलं असतं, मोजके उपग्रह दिसतात आणि त्यांचे सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतात. मग नोंदवलेली रेघ कड्याच्या पोटातून गेलेली दिसते. तिथे रेघेवर पाय टाकायला जाऊ नका. नाळेच्या तोंडाशी आणि माथ्यावर, उघड्या आकाशाखाली दोन मिनिटं थांबून एकेक खूण नोंदवा, मधली वाट डोळ्यांनी बघा.

काहीही घेण्याआधी माझं जुनं ईट्रेक्स १० रविवारी सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर हातात घेऊन बघा. झाडीत शिरून मुद्दाम वाट चुकायची आणि पडद्यावरची रेघ धरून परत यायचं. तासाभरात कळेल, तुम्हाला त्या रेघेवर भागतंय की नकाशावाचून चैन पडत नाही. नकाशा हवा वाटला तर वापरलेलं २२एक्स शोधू.