अकरावीतल्या मुलीला आधी जेन ऑस्टेनची मूळ इंग्रजी कादंबरी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ द्यावी की त्या कादंबरीचं आजच्या काळातलं रूप?

आधी नवं द्या. माझी भाची १८१३ सालच्या मूळ कादंबरीत चौथ्या प्रकरणालाच अडली होती. मग इबी झोबोई यांची ‘प्राइड’ (२०१८) दिली. त्यात मूळ कादंबरीतल्या बेनेट बहिणींच्या जागी ब्रुकलिनमधल्या हैतियन-डॉमिनिकन बेनितेझ बहिणी आहेत, समोरच्या घरात श्रीमंत डार्सी कुटुंब राहायला येतं, आणि वस्ती महागत जाऊन जुनी माणसं बाहेर ढकलली जातात. हे तिला लगेच भिडलं. आमच्या पेठेतले वाडे पडून अपार्टमेंट होताना तिनं पाहिलंय. महिन्याभरात मूळ पुस्तक तिनं स्वतःहून मागितलं. रूपांतर म्हणजे कमअस्सल, असं मला अजिबात वाटत नाही. आपल्या कोल्हापूरच्या खांडेकरांनी ‘ययाति’त महाभारतातली कथा नव्यानं सांगितलीच की!