उतारा वाचून घ्या, ओटीपी मात्र देऊ नका

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीत आला तेव्हा त्यानं लॅपटॉपवर कॉमेट नावाचा नवा ब्राउझर घालून दिला. तो समोरचं पान वाचून मराठीत सांगतो, फॉर्मसुद्धा भरतो म्हणे. आमचा उतारा कानडीत, आणि मला कानडी वाचता येत नाही. याच्यावर भरवसा ठेवू का? जुनं क्रोम काढून टाकू का?
— एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका (बेळगाव)

उत्तर : काका, क्रोम राहू द्या. एका लॅपटॉपवर दोन्ही चालतात.

कॉमेट परप्लेक्सिटी या कंपनीचा. जुलै 2025 मध्ये आला तेव्हा आधी महिन्याला 200 डॉलर भरणाऱ्यांना मिळाला, ऑक्टोबरात सगळ्यांना फुकट झाला. त्याच महिन्यात चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं मॅकसाठी असाच अ‍ॅटलस नावाचा ब्राउझर आणला. दोन्हींच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच पाया. त्यामुळे कर्नाटक सरकारची जमिनीच्या नोंदींची ‘भूमी’ साइट क्रोममध्ये उघडते तशी इथंही उघडायला हवी. नवा आहे तो बाजूला बसलेला एआय मदतनीस.

उतारा समजून घ्यायला त्याला जरूर कामाला लावा. बापजाद्यांच्या जमिनीचा कागद हातात, आणि ‘यात काय लिहिलंय?’ म्हणून एजंटच्या तोंडाकडे बघायचं, ही पाळी आपल्या भागात किती जणांवर येते! ती टळणार असेल तर मला मनापासून आनंद आहे.

पण क्षेत्राचा आकडा तुम्ही स्वतःच बघा. उताऱ्यावर 2.20 म्हणजे दोन एकर वीस गुंठे, अडीच एकर. तुम्हाला हे सांगायला नको, पण मशीनला सांगावं लागतं. त्यानं तो दशांश धरला तर दोन एकर आठ गुंठेच होतात, बारा गुंठे बसल्या जागी गेले. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि खातेदारांची नावंही कानडी येणाऱ्या माणसाकडून एकदा ताडून घ्या. गल्लीतली मराठी शाळेतली पोरंही कानडी विषय शिकतात, तीसुद्धा वाचून दाखवतील.

आता भरवशाचं. ऑगस्ट 2025 मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी कॉमेटवर एक प्रयोग करून दाखवला. (ब्रेव्हही ब्राउझरच बनवते, हे लक्षात असू द्या. तरी प्रयोग बघण्यासारखा आहे.) एका पानावर त्यांनी मजकूर लपवून ठेवला होता. वापरणाऱ्यानं फक्त ‘या पानाचा सारांश सांग’ म्हटलं. मदतनीसानं तो लपलेला मजकूर मालकाचा हुकूम समजला, खात्यातला ईमेल पत्ता काढला, उघड्या जीमेलमध्ये जाऊन ओटीपी वाचला आणि दोन्ही परक्याच्या हाती दिले. नंतर दुरुस्त्या झाल्या, पण पानावरचा मजकूर कोणता आणि मालकाचा हुकूम कोणता, यात असे मदतनीस अजून फसतात. हे कॉमेटपुरतं नाही.

म्हणून बँक, आधार, ओटीपी आणि पैसे भरायचं काम क्रोममध्ये, स्वतःच्या हातानं करा. ओटीपी मेलवरही येतो, तेव्हा मेलही तिकडेच उघडा. कॉमेट वाचायला ठेवा.

आणि आज मुलाला फोन करून एवढं विचारा : ‘माझं जीमेल त्यात जोडलंस का?’ जोडलं असेल तर तेवढं काढायला सांगा.