निवृत्तीची पुंजी मोडून बालवाडी काढावी का?

प्रश्न: वय ४२, शाळेत शिक्षिका आहे. नोकरी सोडून तीन ते सहा वर्षांच्या बारा मुलांसाठी घरगुती बालवाडी काढायची आहे. भाड्याच्या जागेची अनामत आणि सामानासाठी निवृत्तीची अर्धी पुंजी काढू का? हिशेब सोबत जोडला आहे.

उत्तर: ताई, तुमचा हिशेब मी ‘एका मुलाची महिन्याची फी’ हे माप धरून पुन्हा मांडला. भाडं ३ फिया, मदतनीस ३, खाऊ-साहित्य-वीज-विमा २. खर्च ८, जमा १२, हातात ४. इथवर तुमचंच गणित. पण फी तुम्ही दहा महिन्यांचीच घेणार आहात आणि भाडं-पगार बाराही महिने चालूच. म्हणजे वर्षाला जमा १२०, खर्च ९६. उरल्या २४, महिन्याला दोनच. तुमचा आजचा पगार पाच फियांएवढा आहे. आणि हे बाराही जागा भरल्या तर.

आता हीच बालवाडी तुमच्या घरातल्या पुढच्या खोलीत, आठ मुलांची धरा. भाडं गेलं, बाकी खर्च तेवढाच ठेवला तरी जमा ८०, खर्च ६०, उरतात २०. चार मुलं कमी, तरी फरक चारच फियांचा, आणि पुंजीला हात नाही! ‘घरगुती’ बालवाडी भाड्याच्या जागेत कशाला, हे मला तसंही कळलं नव्हतं. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं तेही मुलं राहत होती त्याच भाडेकरूंच्या इमारतीत.

मदतनिसाचा पगार मात्र वाचवू नका. एका मुलाला बाथरूमला न्यायचं म्हटलं तर बाकी सातांकडे कोण बघणार?

मिश्र वयोगटाचा पैशाच्या बाजूनेही फायदा आहे: दरवर्षी साधारण एक तृतीयांश मुलंच बाहेर पडतात, आणि धाकटं भावंड त्याच वर्गात येऊ शकतं. मात्र पहिल्याच वर्षी सगळी तीन वर्षांची घेतलीत तर तीन वर्षांनी वर्ग एकदम रिकामा होईल. वयं मुद्दाम विखुरलेली घ्या.

पुंजीबद्दल माझं उत्तर ठाम ‘नाही’ असंच आहे. ८ टक्के परतावा धरला तर आज काढलेला एक रुपया साठाव्या वर्षी चार रुपये झालेला असता.

आधी घरात किती मुलं ठेवायला परवानगी मिळते ते लेखी घ्या. मग घरखर्चाचे सहा महिने वेगळे बाजूला टाका, आणि घरातल्या दुसऱ्या पगारावर तीन महिने खरोखर भागवून बघा. भागलं तरच राजीनामा. आठही जागा भरून वर प्रतीक्षायादी लागली, की भाड्याच्या जागेचा आकडा घेऊन पुन्हा लिहा.