विशेष गरजा असलेल्या मुलाला पहिल्यांदा इमॅजिकाला नेताय? आधी हे वाचा

ताई, इमॅजिका हे मनोरंजन पार्क खोपोलीजवळ आहे. साताऱ्याहून तिथे एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. खंबाटकी, पुण्याची गर्दी, पुढे द्रुतगती मार्ग. मूल पोहोचेपर्यंतच थकतं आणि दारातच रडारड होते. आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करा. शाळा चालू असतानाचा मंगळवार-बुधवार निवडा. मुलाचं यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) सोबत ठेवा. रांगेत काय सवलत मिळते ते आधी फोन करून विचारा.

आठवडाभर आधीपासून राइडचे व्हिडिओ दाखवा, आधी आवाज बंद ठेवून, मग हळूहळू वाढवत. अचानक आवाज आणि अंधार असलेल्या बंदिस्त राइड पहिल्या दिवशी सोडूनच द्या. फिट येणाऱ्या मुलाला लखलखत्या दिव्यांपासून लांब ठेवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका आणि औषधाची वेळ चुकवू नका. आवाज सहन होत नसेल तर कान झाकणारे हेडफोन घ्या, पण ते घरी रोज दहा मिनिटं लावून सवय करा. नवी वस्तू तिथेच पहिल्यांदा दिली तर मूल ती फेकून देतं.

वॉटर पार्कमध्ये नायलॉनसारख्या कृत्रिम कापडाचे पोहण्याचे कपडे लागतात. पुष्कळ मुलांना ते अंगाला टोचतात, म्हणून लेबल कापा, दोनदा धुवा आणि घरी अंघोळीला घालून बघा.

मनगटावर तुमचा नंबर लिहिलेला पट्टा हवाच. गळ्यातलं कार्ड मुलं ओढून काढतात.

तीन राइड झाल्या की सावलीत अर्धा तास बसा. मुलाने कान झाकले, हात झटकायला लागलं, की पुढची राइड नको. तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादी लागू नका.