गाडी भरून पाहावी : छोट्या एसयूव्हीविषयी वाचकांचे प्रश्न

छोटी एसयूव्ही घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांची पत्रे गेले काही महिने सातत्याने येत आहेत. त्यांतील सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण बहुतेक कुटुंबांची आहे.

प्रश्न : आमच्या घरात पाच माणसे आहेत. आम्ही दोघे, आठ आणि बारा वर्षांची दोन मुले आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असून सध्याच्या हॅचबॅकमध्ये बसताना त्यांना फार वाकावे लागते. आम्ही तीन छोट्या एसयूव्ही पाहिल्या. कागदावर तिन्हींची लांबी, इंजिन आणि डिकी जवळजवळ सारखीच आहे. मग निवड कोणत्या आधारावर करावी?

उत्तर : तिन्ही गाड्या कागदावर सारख्या दिसतात, कारण माहितीपत्रकातले बहुतेक आकडे रिकाम्या गाडीचे असतात. आपण मात्र ती पाच माणसांनी आणि त्यांच्या सामानाने भरून चालवणार आहात. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की गाडी भरून पाहावी आणि मगच ठरवावे. सेल्समनला हे थोडे विचित्र वाटेल, पण सुटीच्या दिवशी सासूबाई, दोन्ही मुले आणि प्रवासाच्या दोन बॅगा घेऊन टेस्ट ड्राइव्हला जावे.

सुरुवात वजनापासून करू. प्रत्येक गाडीचे दोन आकडे असतात : तिचे स्वतःचे वजन आणि भारासह चालणारे कमाल वजन. समजा, पहिला आकडा १,२५० किलो आणि दुसरा १,७०० किलो आहे. म्हणजे माणसे आणि सामान मिळून ४५० किलो भार ती वाहू शकते. ७५ किलोची पाच माणसे धरली, तर ३७५ किलो तिथेच संपले आणि सामानासाठी ७५ किलो उरले. टपावर कॅरिअर बसवायचा असेल, तर त्याचे वजनही यातच मोजावे लागते, आणि छोट्या गाड्यांच्या टपाची मर्यादा बहुधा ५० ते ७५ किलोच असते. काही उत्पादक गाडीच्या स्वतःच्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरतात, काही धरत नाहीत. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करताना हे विचारून घ्यावे. एकाच गाडीच्या टॉप मॉडेलमध्ये सनरूफ आणि मोठी चाके आल्याने तिचे वजन वाढते आणि त्या प्रमाणात भार वाहण्याची क्षमता कमी होऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

यानंतर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट आणि जमीन यांतले अंतर. येथे माझी स्वतःची चूक सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एक उंच गाडी मी एकट्याने चालवून पाहिली आणि घेऊन टाकली. घरच्या पाच माणसांसह सामान भरून पहिल्याच प्रवासाला निघालो, तेव्हा एका साध्या गतिरोधकावर तिचे पोट खरडले. खाली उतरून पाहिले, तर सायलेन्सरची पट्टी वाकली होती. माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा खोटा नव्हता. मागे तिघे बसल्यावर स्प्रिंग किती दबते, हे मी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून गाडी पाहायला जाताना मी शिंप्याची मोजपट्टी खिशात ठेवतो. मागच्या चाकावरच्या कमानीच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर आधी रिकाम्या गाडीत मोजावे आणि मग मागे तिघे बसवून, डिकीत बॅगा ठेवून पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक ज्या गाडीत कमी, ती भाराखाली आपली उंची अधिक टिकवून धरते. १९० मिलिमीटरची गाडी भरल्यावर १८० मिलिमीटरच्या गाडीपेक्षा खाली गेलेली मी पाहिली आहे.

आता सासूबाईंचा प्रश्न. गुडघ्याच्या दृष्टीने अति उंच गाडी अति बुटक्या गाडीइतकीच त्रासदायक ठरते. सीटची कड घरातल्या सोयीच्या खुर्चीएवढी किंवा तिच्याहून किंचित उंच असली, की माणूस न वाकता आणि न चढता नुसता मागे टेकून बसतो. मात्र गाडीचा उंबरठा रुंद असेल, तर पाय लांब टाकावा लागतो, आणि मागचे दार पुरेसे उघडत नसेल, तर पाय आत घेताना गुडघा पिळवटतो. त्यांना गाडीत बसवून पाच मिनिटांनी उतरायला सांगावे. बसण्यापेक्षा उतरण्यातच त्रास अधिक कळतो. उतरताना त्यांचा हात आधारासाठी कुठे जातो, ते पाहावे. हात सहज दाराच्या वरच्या मुठीवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर गेला, तर ती गाडी त्यांच्यासाठी ठीक आहे. तो काहीतरी शोधत हवेतच राहिला, तर बाकीचे सगळे गुण बाजूला ठेवून दुसरी गाडी पाहावी.

मागे तिघे रोज बसणार असल्याने मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आणि डोके टेकण्याची सोय हवीच. तीन ठिकाणी बांधणारा हा पट्टा व्होल्व्होचे अभियंते निल्स बोहलीन यांनी १९५९ मध्ये गाडीत आणला. इतक्या वर्षांनंतर मधल्या प्रवाशाला केवळ कमरेच्या पट्ट्यावर बसवणारी गाडी कुटुंबासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिकीच्या लिटरवर फार विसंबू नये. जर्मन पद्धतीत ही जागा २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे, ठोकळे रचून मोजतात. पण कोणी ते खिडकीच्या पातळीपर्यंत रचतात, कोणी छतापर्यंत, आणि कोणी तळाखालचा कप्पाही धरतात. आपल्या दोन बॅगा आत ठेवून डिकी बंद होते का, हे पाहिले की पुरे.

प्रश्न : उंच आणि दणकट दिसणारी गाडी अपघातात अधिक सुरक्षित असते, असे माझे वडील म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : वडिलांच्या मनात जुन्या पद्धतीच्या जीपसारख्या गाड्या असाव्यात. त्यांच्याखाली शिडीसारखी जाड चौकट असे आणि तिच्यावर सांगाडा बसवलेला असे. आजच्या बहुतेक छोट्या एसयूव्ही मात्र साध्या कारप्रमाणेच एकसंध सांगाड्याच्या, म्हणजे मोनोकॉक बांधणीच्या असतात. लाडा निवाने ही बांधणी १९७७ मध्येच वापरली होती आणि १९९४ मध्ये आलेल्या टोयोटा आरएव्ही४ ने तिला शहरी वापराची लोकप्रियता मिळवून दिली. ही बांधणी कमकुवत नाही. नीट आखलेली असेल, तर पुढचा भाग चुरगळून धक्का शोषतो आणि माणसे बसतात तो भाग शाबूत राहतो. पण बोनेट उंच आहे आणि चाकांभोवती काळे प्लास्टिक आहे, एवढ्यावरून यातले काहीच कळत नाही.

उलट उंचीची एक किंमत असते. गुरुत्वमध्य वर गेल्याने अचानक वळण घेताना गाडी अधिक कलते, आणि टपावर सामान असेल, तर आणखी कलते. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा मला छोट्या एसयूव्हीत सर्वांत आवश्यक वाटते. बॉशने विकसित केलेली ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये प्रथम आली. गाडी घसरू लागली, की ती नेमक्या चाकाला आपोआप ब्रेक लावून दिशा सावरते. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासानुसार एकट्या गाडीच्या प्राणघातक अपघातांचा धोका या यंत्रणेमुळे सुमारे निम्म्याने कमी होतो. ती केवळ वरच्या मॉडेलमध्ये देत असतील, तर माझ्या मते ती गाडी यादीतून काढावी.

एनकॅप नावाच्या संस्था गाड्यांची धडक-चाचणी घेऊन त्यांना तारे देतात. त्या मानांकनाचा अहवाल मुळातून वाचावा. युरो एनकॅपचे पहिले निकाल १९९७ मध्ये आले आणि तेव्हापासून कसोट्या पुन्हा पुन्हा कडक होत गेल्या आहेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. चाचणीचे वर्ष पाहावे, मुलांसाठीचे गुण वेगळे पाहावेत, आणि ग्लोबल एनकॅपच्या अहवालात सांगाडा 'स्थिर' म्हटला आहे की 'अस्थिर', हे अवश्य पाहावे. तेथे 'अस्थिर' असा शेरा असेल, तर एअरबॅगची संख्या कितीही असली तरी माझे समाधान होत नाही.

प्रश्न : माझे रोजचे जाणे-येणे प्रत्येकी सहा किलोमीटरचे, तेही गर्दीतून. वर्षातून तीन-चार वेळा सहकुटुंब लांबचा प्रवास होतो. मला डिझेलची ताकद आवडते. कोणते इंजिन घ्यावे?

उत्तर : डिझेल आवडते हे समजू शकतो, भरलेली गाडी चढावर ओढताना त्या इंजिनाला लागणारे बळ ते सावकाश फिरत असतानाच मिळते. परंतु सहा किलोमीटरच्या फेरीसाठी आजचे डिझेल योग्य नाही. त्याच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि साठलेली काजळी जाळण्यासाठी तेथील तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. गर्दीतल्या छोट्या फेरीत इंजिन नीट तापतही नाही. जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो, आणि जाळण्यासाठी सोडलेले जास्तीचे डिझेल कधी कधी इंजिन ऑइलमध्ये उतरते. आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालणार नसेल, तर डिझेल टाळावे.

आपल्यासारख्या वापराला हायब्रिड, म्हणजे इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी, उत्तम जुळते, कारण ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते, आणि गर्दीत ब्रेक सतत लागतो. घरी चार्जिंगची खात्रीची सोय असेल, तर विजेवरच्या गाडीचाही जरूर विचार करावा. मात्र बॅटरीमुळे ती बरीच जड असते, म्हणून वर सांगितलेला भार वाहण्याचा आकडा तिच्या बाबतीत अधिक काळजीने पाहावा. तसेच वेगाने, सलग केलेल्या लांबच्या प्रवासात तिचा पल्ला जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा कमी पडतो, हे गृहीत धरावे.

एक लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आपल्या यादीत असणारच. एकट्याने चालवताना ते फार चपळ वाटते. त्याची परीक्षा गाडी भरलेली असताना चढावर थांबून पुन्हा निघताना होते, कारण टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याला, वेग येईपर्यंत ते केवळ एक लिटरचेच इंजिन असते. टेस्ट ड्राइव्हमध्ये असा चढ मुद्दाम शोधावा, एसी चालू ठेवावा आणि दोन-तीनदा थांबून निघावे. क्लच फार वेळ अर्धा दाबून धरावा लागत असेल, तर तो लवकर झिजेल.

प्रश्न : ऑटोमॅटिक गिअर आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यावी का?

उत्तर : ऑटोमॅटिक अवश्य घ्यावी, पण तिचा प्रकार विचारून घ्यावा. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स असून त्याचा क्लच यंत्र दाबते. तो साधा आणि स्वस्त असतो, परंतु गिअर बदलताना मान पुढे जाते आणि चढावर ते अधिक जाणवते. कोरड्या क्लचची ड्युअल क्लच, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या दोन क्लचांची, पद्धत मोकळ्या रस्त्यावर झकास चालते, मात्र मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या गर्दीत तापते. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारी) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी सलग बदलत जाणारी) या दोन पद्धती गर्दीला अधिक सोसतात. चारही चाकांची ताकद चिखल, बर्फ किंवा वाळूत नेहमी जाणाऱ्यांनीच घ्यावी. ही ताकद गाडी सुटायला मदत करते, थांबायला करत नाही. ओल्या रस्त्यावर थांबवतात ते टायर आणि ब्रेक.

प्रश्न : टॉप मॉडेलमध्ये १८ इंची चाके आहेत, मधल्यात १६ इंची. मोठी चाके दिसायला सुरेख आहेत. जास्तीचे पैसे द्यावेत का?

उत्तर : आपण दोन्ही टायरचे आकडे कळवलेत, ते बरे केलेत : २१५/५० आर१८ आणि २०५/६५ आर१६. यातला दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे, हे सांगतो. १८ इंची चाकावर ही भिंत सुमारे १०७ मिलिमीटरची येते आणि १६ इंचीवर १३३ मिलिमीटरची. रिमसह पूर्ण चाकाचा व्यास दोन्हींत जवळजवळ सारखाच, सुमारे ६७ सेंटिमीटर, राहतो. म्हणजे मोठ्या रिमने गाडी उंच होत नाही, रबराची आणि हवेची उशी मात्र बोटभर कमी होते. खड्ड्यात तेवढाच फरक मागे बसणाऱ्यांच्या कमरेला आणि रिमच्या कडेला कळतो. शिवाय मोठा टायर बदलताना अधिक खर्च येतो. आपल्याला टॉप मॉडेलमधल्या अन्य सुरक्षा सोयी हव्या असतील, तर त्यासाठी ते घ्यावे आणि १६ किंवा १७ इंची चाके लावून मिळतील का, हे विचारावे. केवळ चाकांसाठी पैसे देऊ नयेत.

प्रश्न : गाडी ठरली आहे, पुढच्या आठवड्यात ताब्यात मिळेल. त्या दिवशी काय तपासावे?

उत्तर : अभिनंदन! गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्यावी आणि धुऊन-पुसून चमकवण्याआधी एकदा पाहून घ्यावी, कारण ओरखडे तेव्हाच दिसतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाची पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर बहुधा दोन रकाने असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. त्याचा फोटो काढून ठेवावा आणि सहकुटुंब निघण्याआधी दुसऱ्या रकान्याप्रमाणे हवा भरावी. स्टेपनी, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, ते पाहावे. स्टेपनीऐवजी पंक्चर भरण्याचा संच दिला असेल, तर तो कसा वापरायचा हे तेथेच करून दाखवायला सांगावे. शेवटी खाली बसून टायरच्या भिंतीवरचे चार अंक वाचावेत : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ असेल, तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. पाचही टायरचे हे अंक वाचावेत, कारण नव्या गाडीत जुना टायर सापडतो तो बहुधा स्टेपनीच्या जागी.